मुहूर्ताची खेप

लातूर, २० ऑक्टोबर २०२४

वर्षे,

माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. पोस्टमन काही तुझ्या नवऱ्याच्या पगारावर न्हाई, तो आणून देईल. वाचायचं तर वाच, न्हाईतर चुलीत घाल. तुझ्याकडं आता चूल कुठली म्हणा.

तुझे दाजी काल जामिनावर घरी आले. खांद्याचं हाड मोडलंय, उजवा हात गळ्यात बांधलाय. मी घास करून देते तर तो तोंडात धरून बसतात. तुमच्या ट्रकखाली माणूस गेला, वर्षे. मारोती नाव त्याचं, उमरीचा, विजेच्या ऑफिसात वायरमन. लोह्याच्या अलीकडं उतार संपतो तिथल्या टपरीवर चहा पीत उभा होता. मागं बायको हाय, धुरपताबाई, आणि कॉलेजात जाणारी पोरगी. पोलिसांनी लिहिलंय की सगळं ड्रायव्हरच्या निष्काळजीपणानं झालं. हे असंच राहिलं तर दाजी तुरुंगात जातील. आणि तुम्ही काय केलंत? सफरचंदाची पिशवी घेऊन मॅनेजरला धाडलंत. दवाखाना नांदेडात, सख्खी बहीण नांदेडात, आणि दाराशी कोण तर मॅनेजर! ती सफरचंदं मी वॉर्डात वाटून टाकली.

आता दसऱ्याचं बोलू का? तुला आवडणार न्हाई, पण बोलते.

तुमच्या गोडाऊनसमोर सगळ्या गाड्या धुऊन उभ्या केल्या होत्या. मधोमध तुझी ती. शिवप्रसादरावांची पहिली गाडी, आता पार खिळखिळी झालेली, पण मोसमाची पहिली सोयाबीनची खेप तिनंच लातूरहून आणायची, असा तुमच्या घरचा नेम. कपाळावर लाल-पिवळ्या अक्षरांत ‘वर्षाराणी’. कागदोपत्री मालकीणही तूच. नवी नथ घालून तू नारळ फोडत होतीस आणि ताट धरून कोण उभं होतं? मी.

तेवढ्यात तुझे दाजी पुढं आले. म्हणाले, “शेठ, हिचा ब्रेक धरून न्हाई राहिला. रविकांत मिस्तरी म्हणतो, दोन दिवस माझ्याकडं सोडा. भरल्या मालानं उतारावर लई अवघड जाईल.” साडूला शेठ म्हणावं लागतं ते एक निराळंच. शिवप्रसादराव म्हणाले, “मुहूर्ताची खेप होऊ दे, मग लावू कामाला.” आणि तू नारळाचं पाणी चाकावर शिंपडत काय म्हणालीस?

“दाजी, देवाच्या टायमाला नाट लावू नका.”

सगळे हसले. दाजी गप्प बसले. ब्रेक धरत न्हाई म्हणणं म्हणजे अपशकुन झाला! गाडीला काय कळतंय मुहूर्त? तिला ब्रेकच कळतो. दुसऱ्या दिवशी पोती भरून तुमची लाडाची गाडी उतारावरून सुटली ती सुटलीच.

मला जळकी म्हण. व्हय, मी जळते. उदगीरला आपल्या दोघींचं लग्न एकाच मांडवात झालं. तेव्हा दोघींच्या नवऱ्यांकडं एकएकच जुनी गाडी होती. तुमच्याकडं गाड्या वाढत गेल्या, आमची होती तीही हप्ते थकले म्हणून ओढून नेली. लोक म्हणाले, वर्षाचा पायगुण. माझ्याबद्दल कुणी काही म्हणालं न्हाई, पण न म्हणताच सगळं म्हणून झालं. आणि माझा नवरा रोज सकाळी लिंगपूजा उरकून गाडीपाशी जायचा, तुझ्या नावावर विभूतीची तीन बोटं ओढायचा आणि तोच हात कपाळाला लावायचा. माझ्या नवऱ्याच्या दिवसाची सुरुवात तुझ्या नावानं! कसं वाटत असंल मला, कधी इचार केलास?

तुझी म्हणवत न्हाई, म्हणून नुसतीच,
सुकन्या


लातूर, १७ जानेवारी २०२५

प्रिय वर्षा,

केसचं फोनवर बोलायचं न्हाई असं शिवप्रसादरावांनी बजावलंय, म्हणून लिहून राहिले. संक्रांतीला तुम्ही दोघं आलात, घर भरल्यासारखं झालं. तू माझ्या हातच्या शेंगाच्या चटणीला नाक मुरडलं न्हाईस हे तर लईच झालं. कडक भाकरीची थप्पी बांधून दिली ती संपली का? हल्ली मी आसपासच्या दोन-तीन दुकानांना भाकरी देते. दाजींच्या खांद्याला अजून जोर न्हाई.

तुमचं बोलणं ऐकून मला रात्रभर झोप न्हाई. “अक्का, ती गाडी तुमच्या नावानं करून देतो. ब्रेक-बिक सगळं नवं टाकून. केस मिटली की तुमचे मल्लेशराव मालक म्हणून चालवतील.” खरंच असं म्हणाले ना गं शिवप्रसादराव? का मलाच तसं ऐकू आलं?

तुझ्यापासून काय लपवू? मी लगेच नागुबाईला जाऊन सांगितलं. शेजारीण तोंडाचा आ करून बघत राहिली. मी म्हटलं, माझ्या धाकटीनं दिली. पहिल्यांदा तुझं नाव घेताना माझ्या जिभेला कडू लागलं न्हाई. आणि रामलिंग पेंटरला सांग, तुझं नाव लिहिलं होतं तसंच लाल-पिवळं लिही, कडेला पांढरी रेघ. अक्षरं तुझ्यापेक्षा बोटभर मोठी काढली तर तुझं काही बिघडणार न्हाई. एकदा काय ते लोकांना लांबून वाचता येऊ दे.

तुझे दाजी मात्र तेव्हापासून नीट बोलंनात. तुम्ही उठल्यावर मला म्हणाले, “गाडी देतेत ते ऐकलंस, त्याच्या आधीचं ऐकलंस का?” ऐकलं होतं की. दाजींनी कोर्टात एवढंच म्हणायचं, ब्रेकचं मी कुणापाशी बोललो न्हाई. बाकी वकील बघून घेतील. मी म्हटलं, एवढं म्हणल्यानं घरात गाडी येत असंल तर तोंडाला काय होतंय? तर ताट सरकवून उठले. म्हणाले, “त्या धुरपताबाईच्या तोंडाकडं बघून म्हणून दाखव तू.” मी का बघू तिच्या तोंडाकडं? मी तिला ओळखतही न्हाई.

एक मात्र सांगते, रागावू नको. तू आजवर मला दिलं ते तुला नकोसं झालेलं दिलंस. पदराखाली इस्त्रीचा डाग पडलेली इरकल, भांडं गळणारा मिक्सर, पाणी उतरलेल्या बांगड्या. मी सगळं हसून घेतलं आणि घरी येऊन रडले. ही गाडी मात्र तू मनापासून देऊन राहिलीस, असं मला वाटतंय. वाटू दे मला तसं.

पुढच्या महिन्यात सह्या करायला येते. पुरणपोळी कर. तुझी चांगली होत न्हाई, तरी कर.

तुझीच,
अक्का


लातूर, ३ फेब्रुवारी २०२५

वर्षाराणी,

काल तू पुरण घालून वाट बघत बसलीस आणि मी आले न्हाई. मी नांदेडात आले होते. एस. टी.तून उतरून आधी गोडाऊनवर गेले. म्हटलं, सह्या करायच्या आधी गाडीवरचं आपलं नाव एकदा डोळ्यांनी बघावं. आता हसून घे मला.

गाडी मागल्या बाजूला शेडमधी उभी होती. कपाळावर ‘सुकन्या’. बघून आधी छाती भरून आली आणि लगेच टाळकं सरकलं. मळकट! पुसट! अक्षरं जशी चार पावसाळे खाल्लेली. तुझं नाव कसं होतं? नव्या नवरीसारखं चकाकायचं. आणि माझ्या नावाला हा उरलासुरला रंग? रामलिंग पेंटर तिथंच डबे धुवत होता. मी त्याच्यावर घसरले.

“काय हो, बहिणीचं नाव लिहिताना रंग संपला होता का? माझ्या नावाला चमक कामून न्हाई?”

तो बिचारा घाबरला. म्हणाला, “ताई, रंग नवाच हाय. वरून राख आन् घासलेट मीच घासलं. शेठ म्हणले, नाव दसऱ्याच्या आधीचं दिसलं पाहिजे.”

“दसऱ्याच्या आधीचं कामून?”

“ते मला काय ठावं? कागदबी तवाचाच करणार हायेत म्हणे.”

मी तिथंच टायरवर बसले. मग रविकांत मिस्तरीनं पाणी दिलं. मी त्याला विचारलं, ब्रेक नवे टाकले का? तो म्हणाला, “न्हाई ताई, अजून कुणी सांगितलं न्हाई. पेंटरलाच बोलावलं फक्त.”

नाव रंगवलं आणि ब्रेक तसाच! मग मला सगळं कळलं. गाडी अपघाताच्या आधीच माझी झाली होती असं दाखवायचं. मग मालकीण मी, ड्रायव्हर माझा नवरा, ब्रेक आमच्या घरचा, आणि मेलेला मारोतीही आमच्याच अंगावर. धुरपताबाईची भरपाई आम्ही देऊ शकणार न्हाई, आमच्याकडं हाय काय? तिच्या हाती भोपळा आणि दाजींच्या हाती बेड्या. तुम्ही दोघं हात झटकून मोकळे.

मला एवढंच सांग, तुला हे माहीत होतं का? शिवप्रसादरावांचं मला काही न्हाई, ते परके. तू संक्रांतीला माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणालीस, “अक्का, तुझ्या नावाची गाडी बघायचीय मला.” ते कुणी शिकवलं होतं? मी हपापलेली हाय हे तुला लहानपणापासून ठाऊक. माझ्या तोंडाला कशानं पाणी सुटतं ते तूच नवऱ्याला सांगितलं असणार. दुसरं कोण सांगणार?

आणि आता माझं ऐक. पूजेचा व्हिडिओ तू घरच्या ग्रुपवर टाकला होतास आणि अपघात झाल्यावर काढून घेतलास. पण मी तो त्याच दिवशी उतरवून ठेवला होता. तुझी नथ बघायला, साडी बघायला, लोक तुझ्या पाया पडतात ते बघायला. रोज बघायचे आणि रोज जळायचे. काल परतताना एस. टी.त बसून पुन्हा लावला. त्यात तुझं नाव लखलखीत दिसतंय. दाजी ब्रेकचं बोलतात ते ऐकू येतंय. शिवप्रसादराव ऐकू येतात. आणि तूही ऐकू येतीस, स्पष्ट.

दाजींना मी अजून दाखवला न्हाई. धुरपताबाईच्या वकिलालाही दिला न्हाई. तू ये आणि माझ्या तोंडावर सांग की तुला माहीत न्हव्हतं. मग बघू.

सुकन्या


लातूर, १ ऑक्टोबर २०२५

वर्षे,

आली न्हाईस. उद्या दसरा. यंदा कोणत्या गाडीपुढं नारळ फोडणार?

भरपाईच्या केसमधी तुला आणि दाजींना साक्षीला बोलावलंय असं वकील म्हणाले. तारीख लागली की मी येणार, फोन घेऊन येणार. नेसायला चांगलं काढून ठेव, सगळे तुझ्याकडंच बघतील. तुला सवय हाय.

सुकन्या


लातूर, २१ फेब्रुवारी २०२६

वर्षा,

हे पत्र उदगीरला, आपल्या माहेरच्या पत्त्यावर टाकून राहिले. अव्वानं फोन करून सांगितलं, तू परवा बॅग घेऊन आलीस आणि आल्यापासून अप्पांच्या दुकानात गादीवर बसून आहेस, कुणाशी बोलत न्हाईस. अप्पांनीही काही विचारलं न्हाई म्हणे. ते विचारणार न्हाईत. गिऱ्हाईक आलं की तुला नुसतं म्हणतील, साखर तोल.

मला तुझ्याशी बोलायचंय, पण फोन हातात घेतला की रडू येतं. म्हणून आपलं हे.

त्या दिवशी कोर्टात मी लई तयारीनं आले होते. धुरपताबाईच्या वकिलाला सकाळीच सांगून ठेवलं, माझ्याकडं एक व्हिडिओ हाय, वेळ आली की काढते. तुला उघडं पाडायचं आणि ते बसून बघायचं, एवढंच डोक्यात होतं. खोटं कशाला बोलू? दाजी सुटावेत हेही होतं, पण ते दुसऱ्या नंबरला होतं.

आधी दाजींची साक्ष झाली. त्यांनी घडलं तसं सांगितलं. मग तुमचा वकील उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “तुमच्या बायकोला धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो, म्हणून हे ब्रेकचं तुम्ही रचून सांगताय. खरं की न्हाई?” मला वाटलं, धरणी दुभंगावी. सगळं कोर्ट मान वळवून माझ्याकडं बघायला लागलं. दाजी माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, “वाटतो, साहेब. लई वाटतो. पण त्यानं ब्रेक खराब होत न्हाई.”

लोक हसले. मीही हसले असते, पण तेवढ्यात समजलं की आता माझा फोन वाया गेला. जळक्या बाईनं जपून ठेवलेला व्हिडिओ, कोण इश्वास ठेवणार? पर्सवर हात ठेवून मी तशीच बसले. मग तुझं नाव पुकारलं.

तू साधी सुती साडी नेसली होतीस. नथ न्हाई, काही न्हाई. शिवप्रसादराव पहिल्या बाकावर होते. तुमच्या वकिलानं विचारलं, गाडीच्या देखभालीचं तुम्हाला काही माहीत असायचं का? मी मनात म्हटलं, आता ही म्हणणार, मी घरातली बाई, मला काय कळतंय. शिवप्रसादरावांनी मानही हलवली तशी.

तू म्हणालीस, “गाडी माझी होती. ब्रेक धरत न्हाई म्हणून दाजींनी आमच्या दोघांसमोर सांगितलं होतं. आमच्या ह्यांनी खेप आधी करा म्हटलं, आणि नाट लावू नका असं मी म्हटलं. दाजी माझ्या बोलण्यापायी गप्प बसले.” वकील तुला थांबवायला लागला तर तू आवाज चढवलास. “आणि ती गाडी माझ्या बहिणीच्या नावानं करायचं चाललं होतं, ते मला उशिरा कळलं. कळल्यावरही मी तिला जाऊन सांगितलं न्हाई. मला भीती वाटली.”

शिवप्रसादराव उठून बाहेर गेले. तू त्यांच्याकडं बघितलंही न्हाईस.

निकाल कधी लागायचा तो लागेल. वकील म्हणतात, मालकिणीनंच कबूल केल्यावर आता ड्रायव्हरवर सगळं ढकलता येणार न्हाई, धुरपताबाईला भरपाई मिळेल, आणि दाजींवरच्या पोलीस केसलाही आधार होईल. घरी येताना दाजी एस. टी.त खिडकीला डोकं लावून झोपले. अपघातापासून ते असे झोपले न्हव्हते. माझ्या खांद्यावर त्यांचं डोकं आलं आणि मी अहमदपूरपर्यंत हलले न्हाई.

पण मला लिहायचंय ते बाहेरच्या पायऱ्यांचं. तू खाली उतरत होतीस, मी तुझ्या मागं होते, बोलावं की न बोलावं अशी. धुरपताबाई पोरीचा हात धरून समोर आली. वाळलेली बाई, पांढरी साडी, डोळ्यांवर जाड चष्मा. रडून काचा धुरकटल्या होत्या, त्यामुळं तिला नीट दिसेना. आपल्या दोघींचे चेहरे सारखे. ती माझ्याकडं बघायची, मग तुझ्याकडं. मग विचारलं, “गाडीवाली कोन हाय तुमच्यातली?”

वर्षे, जन्मभर मी वाट बघितली होती की कुणीतरी आपल्या दोघींना शेजारी उभं करून असं विचारावं आणि माझ्याकडं बोट जावं. आणि मी काय केलं माहितीय? एक पायरी मागं सरकले. कळलंही न्हाई मला.

आणि तू एक पायरी खाली उतरलीस. म्हणालीस, “मी.”

ती बाई शिव्या देईल असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तुझ्या हाताला हात लावला आणि म्हणाली, “लागू द्यायचं व्हतं की गं बाई नाट.” एवढंच. पोरगी तिला घेऊन गेली.

मला तुझ्यापाशी यायचं होतं आणि पाय उचलंना. नथीचा हेवा केला, गाड्यांचा केला, त्या नावाचा केला, सगळं पचवलं. त्या ‘मी’चा मात्र हेवा मला पचंना. मला तसं म्हणता आलं असतं का? न्हाई आलं असतं. मी मागं सरकले, तू पुढं गेलीस, आणि हे मला आता रोज दिसतंय, तो व्हिडिओ दिसायचा तसं.

पुढच्या रविवारी मी उदगीरला येते. अव्वाला सांग, पुरण मी घालीन, तुझ्या हातचं नको. तू फक्त माझ्या शेजारी बस आणि पोळ्या लाट.

अक्का